प्रतिमेची उसनवारी

बंगळूरच्या उत्तरेस असलेले येलहंका हे गाव त्या महानगराहून जुने आहे. १५३७ साली बंगळूरचा कोट उभारणारा केंपेगौडा मूळचा येलहंका नाडूचा प्रभू. नवे नगर वसले, तशी जुन्या गावाची प्रतिष्ठा ओसरली. पुढच्या शतकात बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, त्यामुळे मराठी वाचकालाही हा मुलूख अगदीच परका नाही. आता ते नगरच वाढत वाढत पुन्हा आपल्या मूळ गावाला येऊन भिडले आहे. तळे, जुने गावठाण, गृहनिर्माण मंडळाने वसवलेले न्यू टाउन आणि हवाई दलाचा तळ ही त्याची आजची रूपे. १९९६ या एकाच वर्षी येथे दोन गोष्टींचा आरंभ झाला. हवाई दलाच्या तळावर विमानांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन प्रथमच भरले, आणि ‘सृष्टी’ ही कला व अभिकल्प यांचे शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली. राष्ट्राच्या सामर्थ्याचा तो सोहळा पाहण्यासाठी मान वर करावी लागते. ‘सृष्टी’तून सात वर्षांनी जे बाहेर पडले, ते मात्र रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या नजरेच्या पातळीवरचे होते.

२००३ साली या संस्थेत शिकत असलेल्या जस्मीन पाथेजा यांनी ‘ब्लँक नॉइज’ हा उपक्रम सुरू केला. रस्त्यावर, बसमध्ये, बाजाराच्या गर्दीत बायकांना जे सोसावे लागते त्याला आपल्या भाषांमध्ये ‘छेडछाड’ असा काहीसा लाडिक शब्द आहे, आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याचेच ‘ईव्ह-टीझिंग’ केले. गुन्ह्याला खोडी ठरवणारा हा शब्द आहे. हरकत प्रथम त्या शब्दालाच होती. पुढे या उपक्रमात बायकांना असे आवाहन करण्यात आले, की ज्या वेळी त्रास झाला त्या वेळी अंगावर असलेला कपडा आणून द्यावा. आलेले कपडे अगदी साधे, रोजच्या वापरातले होते. ‘तू काय घातले होतेस?’ हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांपासून पोलीस ठाण्यातल्या हवालदारापर्यंत सर्वांच्या तोंडी असतो, आणि हे कपडे त्या प्रश्नापुढे पुरावा म्हणून मांडले गेले. त्यांतून कसलेही कारण सापडत नाही, हाच तो पुरावा. २०१४ च्या सुमारास आणखी एक उपक्रम सुरू झाला. बायकांनी सार्वजनिक उद्यानात एकत्र जमायचे, गवतावर आडवे व्हायचे आणि जमले तर झोपी जायचे. त्यात घोषणा नाहीत, फलक नाहीत. दुपारच्या वेळी उद्यानात झोपलेला पुरुष हे दृश्य इतके सवयीचे आहे की ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्याच जागी एकटी झोपलेली बाई दिसली तर मात्र ती आजारी असेल, निराधार असेल किंवा ‘तसली’ असेल, अशा तीनच शक्यता पाहणाऱ्याला सुचतात.

अशा कृतीला कला म्हणावे काय, हा वाद जुना झाला असून त्यात आता फारसा रस उरलेला नाही. त्यापेक्षा अवघड प्रश्न नैतिक स्वरूपाचा आहे. स्वतःचा देह हेच माध्यम मानणे, घरातल्या क्षुल्लक वस्तूंना साक्षीदार करणे, काहीही न करता सार्वजनिक जागेत नुसते असणे, हे प्रकार येलहंक्यात निर्माण झालेले नाहीत. जगातील अनेक स्त्रियांनी अगदी भिन्न राजवटींखाली ते आधी हाताळले आहेत. काहींना त्यासाठी लाठ्या खाव्या लागल्या, काहींना तुरुंग पाहावा लागला, तर काहींना पुरस्कार मिळाले. मग एका राजवटीखाली जी प्रतिमा जोखीम पत्करून घडली, ती दुसरीकडे, तुलनेने निर्धास्त जागी उचलून वापरण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि भगिनीभावाची जी भाषा अशा वेळी सहज ओठांवर येते, ती कितपत खरी आहे?

या प्रश्नाचा विचार करताना झाग्रेबमधील एका गच्चीकडे वळावे लागते. १० मे १९७९ रोजी युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष मार्शल टिटो त्या शहरात आले होते. त्यांच्या मोटारींचा ताफा जेथून जाणार होता त्या रस्त्यावरच्या आपल्या घराच्या गच्चीत सान्या इवेकोविच ही चित्रकर्ती खुर्ची टाकून बसली. हातात समाजशास्त्राचे पुस्तक, शेजारी मद्याचा पेला. आणि मधूनमधून स्वतःच्या देहाशी रममाण झाल्याचा अभिनय. रस्त्यावरून हे काही दिसण्यासारखे नव्हते. दिसत होते ते समोरच्या उंच हॉटेलच्या छपरावर पहाऱ्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला. त्याने खाली रस्त्यावरच्या पोलिसाला कळवले असणार, कारण अठरा मिनिटांनी दाराची घंटा वाजली आणि ‘गच्चीवरून माणसे व वस्तू हटवा’ अशी आज्ञा झाली. कृती तेथे संपली. चार छायाचित्रे आणि थोडासा मजकूर एवढाच तिचा अवशेष आहे. तिचे नाव ‘त्रिकोण’. छपरावरचा पहारेकरी, रस्त्यावरचा पोलीस आणि गच्चीतली बाई हे त्याचे तीन कोन.

झाग्रेबची ती गच्ची आणि बंगळूरचे उद्यान यांचा एकमेकांशी प्रत्यक्ष संबंध आहे, असे म्हणण्यास आधार नाही. आणि तसा तो असण्याची गरजही नाही. दोन्हीकडे एक बाई निवांत आहे, आणि तिचे निवांत असणे ही कोणाला तरी व्यवस्थेची ढिलाई वाटते, एवढे साम्य पुरेसे आहे. फरक घंटेपाशी सुरू होतो. झाग्रेबमध्ये घंटा वाजवणारा हात कोणाचा होता, हे नेमके सांगता येते. तो शासनाचा होता. त्याला गणवेश होता आणि त्याच्यामागे आज्ञेची साखळी होती. बंगळूरच्या उद्यानात घंटा कोण वाजवते? कायद्याने तेथे झोपणाऱ्या बाईला वेगळे काढलेले नाही. राज्यघटनेने तर तिला संचाराचे स्वातंत्र्य दिले आहे. तरीही जाणारा-येणारा थबकतो, रखवालदार हटकतो, एखादी मावशी काळजीने ‘बाळ, घरी जा’ म्हणते, आणि हे सर्व घडण्याआधीच त्या बाईच्या मनात बसलेली तिची स्वतःची आई तिला उठवते. पहारेकऱ्याची नेमणूकच झालेली नसल्यामुळे त्याला बडतर्फही करता येत नाही. लोकशाहीत राहणाऱ्या कलावंत स्त्रीचे काम सोपे असते, असे जे गृहीत धरले जाते, ते या ठिकाणी तपासून पाहिले पाहिजे. तिची जोखीम कमी आहे, हे निःसंशय. तिचा प्रतिपक्ष मात्र अधिक पसरट आहे.

प्रत्येक राजवटीपाशी स्त्रीसाठी एक तयार उत्तर असते. समाजवादी राज्यांचे उत्तर असे, की हा प्रश्न सुटलेला आहे. सोव्हिएत पक्षाने १९१९ मध्ये स्थापन केलेला स्वतंत्र महिला विभाग १९३० मध्ये याच कारणास्तव गुंडाळला. युगोस्लाव्हियातही ऑक्टोबर १९७८ मध्ये बेलग्रेडच्या विद्यार्थी सांस्कृतिक केंद्रात स्त्रीप्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा स्त्रीवाद ही भांडवलशाही देशांतून आलेली चैन आहे, अशी टीका झालीच. हा आरोप मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. आपल्याकडे तो उजवीकडून आला तसाच डावीकडूनही आला, आणि दोन्हीकडच्या टीकाकारांना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवल्या नाहीत. ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापले गेले. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी झालेली शिक्षा आणि तिच्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीवर घेतलेले तोंडसुख हे त्या पुस्तकाचे निमित्त होते. पॅरिस किंवा न्यूयॉर्क येथून ते आयात झालेले नव्हते. मात्र ते विस्मृतीतून बाहेर आले, स. गं. मालशे यांनी त्याची नवी आवृत्ती काढली, ती १९७५ मध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेल्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात. घरचेच धन दाखवण्यासाठी कधी कधी बाहेरचा दिवा लागतो, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

सीमेपलीकडच्या लाहोरमध्ये तयार उत्तर याच्या अगदी उलट होते. जनरल झिया यांच्या राजवटीने ‘चादर और चारदीवारी’ हे स्त्रीच्या संरक्षणाचे सूत्र म्हणून मिरवले. १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश आले. पाठोपाठ साक्षीच्या कायद्यात काही बाबतींत दोन स्त्रियांची साक्ष एका पुरुषाच्या साक्षीबरोबर धरण्याची तरतूद पुढे आली. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरच्या मॉल रोडवर याविरुद्ध निघालेल्या स्त्रियांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्याच वर्षी तेथील पंधरा चित्रकर्त्रींनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तो त्या काळात छापण्यात आला नाही. सलीमा हाश्मी यांनी पाकिस्तानातील स्त्री-चित्रकारांवर लिहिलेल्या पुस्तकातून तो बऱ्याच वर्षांनी सर्वांसमोर आला. जाहीर न करता आलेला जाहीरनामा! या शब्दप्रयोगात विनोद आहे, पण सह्या करणाऱ्यांच्या दृष्टीने तो विनोद नव्हता.

त्या सह्या करणाऱ्यांच्या वर्तुळातील लाला रुख (१९४८–२०१७) यांचे काम प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या चित्रांत त्या मितभाषी होत्या. कागदावर जेमतेम उमटलेली एखादी रेषा, समुद्राचे क्षितिज, एवढाच त्यांचा पसारा. आंदोलनासाठी मात्र त्यांनी ठळक, मोठ्या अक्षरांची भित्तिपत्रके केली. छापखानेवाले असला मजकूर छापायला धजत नसत, म्हणून स्क्रीन-प्रिंटिंग घरच्या घरी कसे करावे हे त्या इतर बायकांना शिकवू लागल्या आणि त्याची एक पुस्तिकाच त्यांनी तयार केली. एकाच हाताने ही दोन कामे केली, आणि एक दुसऱ्यात मिसळू दिले नाही. कलेने चळवळीची दासी व्हावे की नाही, यावर मराठीत पिढ्यान्‌पिढ्या ज्या लेखण्या झिजल्या, त्या झिजवणाऱ्यांना हे उदाहरण उपयोगी पडले असते. त्याच काळात दिल्लीच्या कमला भसीन यांनी पाकिस्तानातील स्त्रियांच्या मेळाव्यात एक घोषणा ऐकली. झियाविरोधी आंदोलनातली ‘आझादी’ची ती लय त्या भारतात घेऊन आल्या, आणि तिचा उगम ठाऊक नसलेले हजारो लोक पुढे ती म्हणू लागले. दोन शत्रुराष्ट्रांच्या सीमेवरून काय काय जाऊ शकते, याचा हिशेब कोणत्याही जकात नाक्यावर ठेवलेला नाही.

येथे उसनवारीचे दोन प्रकार वेगळे करणे इष्ट ठरेल. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर तितकीच साखर परत करावी लागते. विरजण आणले तर ते परत करण्याचा प्रश्न येत नाही. दूध आपले, भांडे आपले, आणि दही नासले तर दोषही आपलाच. कलेतील उसनवारी बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची असते. तथापि ही उपमाही फार ताणता येत नाही. विरजण देणाऱ्या शेजारणीला त्यासाठी काही सोसावे लागलेले नसते. लाहोरची घोषणा किंवा झाग्रेबची गच्ची यांच्यामागे सोसणे आहे, आणि घेणाऱ्याने ते जाणून न घेता नुसती लय उचलली, तर त्या घेण्यात काहीतरी अपुरे राहते.

वाल्परायसो या चिलीतील बंदरगावात २० नोव्हेंबर २०१९ रोजी ‘लास तेसिस’ या चौघींच्या गटाने एक गीत-नृत्य रस्त्यावर सादर केले. ‘तुझ्या वाटेवरचा मित्र’ असे ब्रीद चिलीच्या पोलीस दलाने एके काळी मिरवले होते. त्यातील ‘मित्र’ काढून तेथे ‘बलात्कारी’ हा शब्द घातला, की त्या गीताचे नाव तयार होते. पोलीस, न्यायाधीश, शासन यांच्याकडे त्यात थेट बोट दाखवले आहे. काही आठवड्यांत ते जगभरच्या चौकांत पोहोचले. इस्तंबूलमध्ये ते सादर करणाऱ्या स्त्रियांना पोलिसांनी ताब्यात घेतले. तेव्हा विरोधी पक्षाच्या महिला खासदारांनी डिसेंबर २०१९ मध्ये ते थेट संसदेच्या सभागृहात म्हटले, कारण तेथे त्यांना संसदीय संरक्षण होते. एकच गीत एका चौकात गुन्हा ठरते आणि संसदेच्या सभागृहात विशेषाधिकार ठरते. गीत बदलले नाही. बदलली ती उभे राहण्याची जागा. या नृत्यात एका ठिकाणी सर्वजणी उठाबशा काढतात. चिलीत अटकेतील स्त्रियांना पोलीस विवस्त्र करून उठाबशा काढायला लावत, त्याचा हा निर्देश आहे. मराठी प्रेक्षकाला मात्र ती हालचाल पाहताच शाळेतला वर्ग आणि मास्तरांची छडी आठवण्याचा संभव अधिक. उसन्या प्रतिमेतील नेमका दाहक भागच असा वाटेत गळून पडतो.

तो भाग भरून काढण्यासाठी महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अंगावर जखमेच्या खुणा नाहीत, यावरून तिची संमती गृहीत धरण्यात आली. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आणि १९८० पासून मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली येथे स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे स्त्री मुक्ती संघटनेने रंगमंचावर आणि चौकाचौकांत नेलेले नाटक त्याच वर्षीचे. त्याच्या घडणीत जात्यावरच्या, अंगणातल्या, बायकांच्याच ओठांवरच्या चाली आहेत. देसाईगंजच्या ठाण्यापासून वाल्परायसोच्या चौकापर्यंत भूगोल फार लांबचा असला, तरी पोलीस ठाण्याचे दार आतून बंद होण्याचा आवाज दोन्हीकडे एकच आहे. एकीकडे लष्करी हुकूमशाहीची सावली, दुसरीकडे निवडून आलेले सरकार आणि स्वतंत्र न्यायव्यवस्था. मथुरेच्या बाजूने पाहिले तर या भेदाचा तिला त्या रात्री काही उपयोग झाला नाही. नंतर मात्र झाला. खुले पत्र लिहिता आले, ते छापले गेले, मोर्चे निघाले, कायदा बदलला. राजवटींमधील हा फरक भगिनीभावाच्या भरात पुसून टाकणे म्हणजे लाहोर आणि सांतियागो येथील स्त्रियांवर अन्याय करणे होय.

सांतियागोचा उल्लेख झाला, तेव्हा तेथील गोधड्यांविषयी लिहिलेच पाहिजे. सप्टेंबर १९७३ मधील लष्करी उठावानंतर चिलीत हजारो माणसे धरली गेली आणि त्यांतली कित्येक परत आली नाहीत. ज्यांचे नवरे, मुलगे, भाऊ नाहीसे झाले होते त्या बायका चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून चिंध्यांची चित्रे शिवू लागल्या. १९७६ पासून कार्डिनल सिल्वा यांनी स्थापन केलेल्या संस्थेने त्या कामाला आधार दिला. ‘आर्पिएरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कापडी चित्रांत डोंगर, सूर्य, ठिगळांची घरे, आणि मधोमध तुरुंगाचे दार किंवा रिकामी खुर्ची. काही वेळा नाहीशा झालेल्या माणसाच्या सदऱ्याचा तुकडाच त्यात शिवलेला असे. ही चित्रे गुपचूप देशाबाहेर जात आणि तेथे विकली जात. मराठी घरातील गोधडीचा धर्म यापासून दूर नाही. गेलेल्या सासूचे लुगडे, आजोबांचे धोतर, लेकराचे अंगडे तिच्यात जाते, आणि अंगावर घेणाऱ्याला कोणता तुकडा कोणाचा हे ठाऊक असते. येलहंक्याच्या उपक्रमात जमलेले कपडेही साक्षच देतात, परंतु ती साक्ष जिवंत स्त्रियांची आहे, आणि त्या स्वतः बोलू शकतात.

या चिंध्यांच्या चित्रांचे खरेदीदार युरोपातले आणि उत्तर अमेरिकेतले होते. त्यांच्या पैशावर सांतियागोच्या वस्त्यांमध्ये चुली पेटल्या, हे खरे. त्यांच्या दिवाणखान्यांत ती चित्रे शोभेची वस्तू झाली, हेही खरे. ज्या अमेरिकेतील काही नागरिक ही चित्रे प्रेमाने विकत घेत, त्याच देशाच्या शासनाने चिलीतील निवडून आलेले सरकार दुबळे करण्यासाठी खटपट केली होती. विकत घेणारी स्त्री त्यासाठी दोषी ठरत नाही. पण खरेदी करून आपण ऋणातून मोकळ्या झालो असे तिला वाटले असेल, तर तो तिचा भ्रम म्हणावा लागेल. दुसऱ्याच्या दुःखाची प्रतिमा भिंतीवर लावण्यापूर्वी ते दुःख निर्माण करणाऱ्या यंत्राशी आपला काय संबंध आहे, हे विचारणे भाग आहे.

हा प्रश्न अमेरिकेतच, कलावंत स्त्रियांच्या वर्तुळात, फार स्पष्टपणे विचारला गेला. न्यूयॉर्कमधील ए.आय.आर. हे स्त्रियांनी सहकारी तत्त्वावर चालवलेले कलादालन १९७२ मध्ये सुरू झाले. कराचीत जन्मलेल्या आणि मुंबईत काम करणाऱ्या नलिनी मलानी १९७९ मध्ये तेथे गेल्या. असेच काही भारतात करावे, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि प्रत्यक्षात यायला आठ वर्षे लागली. १९८७ ते १९८९ या काळात मलानी, अर्पिता सिंग, निलिमा शेख आणि माधवी पारेख या चौघींचे ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन भोपाळपासून निघून निरनिराळ्या शहरांत फिरले. आपल्याकडील चित्रकलेच्या इतिहासात ते मैलाचा दगड मानतात. पण त्याच न्यूयॉर्कच्या दालनात १९८० मध्ये आना मेंदिएता यांनी अलीगढच्या झरीना आणि जपानच्या काझुको मियामोतो यांच्यासह ‘तिसऱ्या जगातील’ स्त्रियांचे जे वेगळे प्रदर्शन मांडले, त्याची आठवण तुलनेने कमी निघते. अमेरिकेतील स्त्रीवाद हा मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गाचा आहे, असे मेंदिएता यांनी त्या निमित्ताने लिहिले. त्या मुलगी असताना क्यूबातून अमेरिकेत पाठवल्या गेल्या होत्या, म्हणजे दोन्ही राजवटी त्यांनी अंगावर झेलल्या होत्या. ज्या घरातून मुंबईची चित्रकर्ती विरजण घेऊन येत होती, त्या घरातच ‘हे दही आमचे नव्हे’ म्हणणाऱ्या बायका बसलेल्या होत्या.

आणि हा आवाज महाराष्ट्रालाही चुकवता आलेला नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ मध्ये आले, तेव्हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या आठवणी वाचून अनेक सवर्ण कार्यकर्त्यांना आपण कोणता इतिहास शिकलो होतो, याचा उलगडा झाला. बंगळूरचे उदाहरण घ्यायचे तर पुष्पमाला एन. यांनी क्लेअर अर्नी यांच्यासमवेत २००० ते २००४ या काळात केलेल्या छायाचित्रमालेकडे पाहावे. रविवर्म्याच्या लक्ष्मीपासून वासाहतिक मानववंशशास्त्रज्ञांनी चौकटी आखलेल्या पडद्यासमोर उभे करून मोजलेल्या आदिवासी स्त्रीपर्यंत, दक्षिण भारतातील ‘बाई’ म्हणून जी जी प्रतिमा प्रचारात आली, ती त्या स्वतः वेष धारण करून पुन्हा उभी करतात. वासाहतिक नजरेची त्यात केलेली खिल्ली अचूक आहे. लक्ष्मीच्या वेषात तर ती मजेदारही आहे. मोजपट्टीसमोर उभ्या केलेल्या स्त्रीच्या वेषापाशी मात्र पाहणारा अडखळतो. जिला मूळ छायाचित्रात उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते, तिच्या जागी आता उभी आहे ती शिकलेली, नामवंत कलावंत स्त्री, जिला हवे तेव्हा तो वेष उतरवता येतो. कलाकृती हे लपवत नाही, आणि पुष्पमाला यांची बाजू घेणारे त्याकडेच बोट दाखवतात. तरी तो अडखळा खरा आहे आणि तो राहू द्यावा.

उद्यानात झोपण्याच्या कृतीलाही हाच प्रश्न लागू होतो. येलहंक्याच्या आसपास गेल्या तीन दशकांत जी बांधकामे उठली, त्यांवर घमेली वाहणाऱ्या बायका उघड्यावर झोपत आल्या आहेत. त्यांचे झोपणे ही कलाकृती होत नाही, आणि त्यांना ते तसे व्हायला नकोही आहे. त्यांना दाराला कडी असलेली खोली हवी आहे. एकीला चार भिंतींबाहेर पडणे म्हणजे मुक्ती, दुसरीला चार भिंती मिळणे म्हणजे मुक्ती. या दोघींची गाठ एकाच गवतावर पडली तर काय होईल? काही समीक्षक म्हणतात त्याप्रमाणे या विसंगतीमुळे पहिलीची कृती खोटी पडते, असे मात्र म्हणता येत नाही. जनाबाईने भर बाजारात पदराची पर्वा न करता जाण्याची भाषा केली, ती राबणाऱ्या दासीने केली होती. अक्कमहादेवीने वस्त्रे टाकली, ती राजाचे घर सोडून. दोघींच्या मागे सोडलेल्या गोष्टी वेगळ्या होत्या, आणि तरी मराठी आणि कन्नड परंपरांनी दोघींना एकाच पंगतीत बसवले. परंपरेला जे जमले ते आजच्या कलादालनांना अजून नीटसे जमलेले नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या रस्त्यांवर रेंगाळण्याचा हक्क मागणारे पुस्तक २०११ मध्ये लिहिले. ते कराचीतील तरुणींनी वाचले, आणि २०१५ मध्ये त्यांनी ढाब्यांवर बसून चहा पिण्याची आपली मोहीम सुरू केली. व्हिसा मिळणे दुर्घट अशा दोन देशांत हे पुस्तक कोणाला विचारून गेले नाही. चहा तोच, बाकडे तसेच. कराचीच्या ढाब्यावर मात्र बाई दिसली की शेजारच्या टेबलावरचे बोलणे थांबते. १९८३ मध्ये मॉल रोडवर लाठ्या खाणाऱ्या स्त्रियांच्या लेकी-नाती वयाने त्या तरुणींएवढ्याच असतील. लाला रुख यांनी तयार केलेल्या त्या जुन्या पुस्तिकेचा विषय छपाईची चौकट, तीवर ताणायचे कापड आणि शाई हा होता. भित्तिपत्रकावर काय छापायचे, हे ज्या त्या गावच्या बायकांनी ठरवायचे होते.